हार्डनर जास्त, काम लवकर? घरच्या रेझिन मूर्तींविषयीचे गैरसमज

पोळ्याला मराठवाड्यात घरोघरी मातीच्या बैलांची पूजा होते. तसली एक जोडी समोर ठेवायची, तिचा सिलिकॉन रबराचा साचा काढायचा आणि त्यात रेझिन ओतून टिकाऊ बैल करायचे, हा उद्योग चाकूरसारख्या गावातही पत्र्याच्या एका खोलीत जमण्यासारखा आहे. सामान कुरिअरने घरी येतं, व्हिडिओ फुकट बघायला मिळतात. चुकीच्या समजुतीही त्याच व्हिडिओंतून येतात.

सगळ्यात महागात पडणारी समजूत म्हणजे 'हार्डनर थोडा जास्त टाकला की लवकर सुकतं.' या समजुतीला थोडा आधार आहे, म्हणूनच ती जात नाही. बाजारात सहज मिळणारं साच्याचं सिलिकॉन बहुधा कथिलाच्या संयुगावर जमणारं असतं. त्यात शंभर ग्रॅम रबराला साधारण तीन-चार ग्रॅम कॅटलिस्ट लागतं आणि ते थोडं वाढवलं तर रबर खरोखर लवकर जमतं. फायबरच्या कामातल्या पॉलिएस्टर रेझिनचंही तसंच. दोन्हीकडे ते द्रव्य मुख्यतः प्रक्रियेला चालना देतं. इपॉक्सी रेझिनचं गणित वेगळं. तिथे हार्डनर हा मालाचाच एक भाग असतो. सामुदायिक विवाहात शंभर नवऱ्या आणि दीडशे नवरदेव आले तर लग्नं शंभरच लागणार, उरलेले पन्नास मांडवात नुसते फिरणार. जादा हार्डनरचंही तेच होतं: तो तसाच उरतो आणि बैल आठवडा झाला तरी चिकट, नाहीतर ठिसूळ राहतो. म्हणून अर्ध्या ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आधी घ्यावा, रंग नंतर. डब्यावरचं २:१ हे प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, तेही वाचावं. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे दोन्हींचा हिशेब एक येत नाही.

'उन्हाळ्यात रेझिन चांगलं सुकतं' हे अर्धसत्य आहे. रेझिन सुकत नाही, त्यात रासायनिक प्रक्रिया होऊन ते घट्ट होतं आणि त्या प्रक्रियेत स्वतःच तापतं. डब्यावरचा कामाचा वेळ बहुधा २५ अंश तापमानाला मोजलेला असतो. ढोबळ हिशेबाने दर दहा अंशांना तो निम्मा होतो. म्हणजे वैशाखात चाळीस अंशांच्या दुपारी अर्ध्या तासाची दहा-बारा मिनिटंच उरतात. त्यात सगळा माल एकाच ग्लासात कालवून ठेवला की तो इतका तापतो की ग्लास वितळतो, धूर निघतो. उन्हाळ्यात पहाटे काम करावं, थोडंथोडं कालवावं आणि कालवलेलं लगेच ओतावं. पावसाळ्याचं दुखणं निराळं. पॉलियुरेथेन रेझिन हवेतला ओलावा धरून फेसाळतं, इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो थर साबणाच्या कोमट पाण्याने निघतो, फेसाळलेला बैल मात्र फेकावाच लागतो.

'सिलिकॉन कशालाच चिकटत नाही, मग तेलपाणी कशाला?' गुळगुळीत वस्तूला ते सहसा चिकटत नाही हे खरं. पण मातीचा बैल सच्छिद्र असतो. रबर त्या छिद्रांत शिरतं आणि साचा काढताना शिंग हातात येतं. बैलाला आधी वार्निशचे दोन पातळ हात द्यावेत, वाळल्यावर व्हॅसलिनचा पुसटसा थर. दोन भागांचा साचा असेल तर पहिल्या भागावरही व्हॅसलिन हवंच, कारण सिलिकॉन सिलिकॉनला घट्ट धरतं. महागडं प्लॅटिनम सिलिकॉन वापरणाऱ्यांनी आणखी एक जपावं: गंधक असलेली मॉडेलिंगची माती किंवा लॅटेक्सचे हातमोजे लागले की ते तिथे जमतच नाही, ओलंच राहतं.

बुडबुड्यांसाठी व्हॅक्यूम पंप लागतोच असं नाही. साचा चारही पाय वर करून मांडला की बैलाची शिंगं तळाशी येतात आणि त्या निमुळत्या टोकांत हवा अडकते. रेझिनचे दोन-चार थेंब आधी शिंगांत सोडून टूथपिकने ढवळायचे, साचा दोन्हीकडे कलवून हलके ठोके द्यायचे आणि मग बारीक धारेने एका पायातून भरत जायचं, म्हणजे हवा उरलेल्या तीन पायांतून बाहेर पडते.

'वास नाही म्हणजे धोका नाही' ही समजूत सगळ्यात वाईट. इपॉक्सीला फारसा वास नसतो, पण ती वारंवार कातडीला लागली की काहींना ॲलर्जी जडते आणि ती जन्मभर सोडत नाही. नायट्राईलचे हातमोजे वापरा. हाताला लागलंच तर थिनरने नव्हे, साबणाने धुवा. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, म्हणून खोलीत वारा खेळता हवा. घासकाम पाणी लावून करा. पॉलिएस्टरच्या कामात प्रक्रियेचा वेग वाढवणारं कोबाल्ट आणि हार्डनर म्हणून वापरलं जाणारं एमईकेपी ही दोन द्रव्यं एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवायचं, मगच दुसरं.

वरमाला रेझिनमध्ये ठेवली की ताजी राहते, असंही सांगतात. राहत नाही. ओलं फूल आतल्या आत काळं पडतं, ते आधी पूर्ण वाळवावंच लागतं. पारदर्शक रेझिनही उन्हात पिवळं पडत जातं.

राहिला गणपतीचा प्रश्न. रेझिन पाण्यात विरघळत नाही आणि एकदा घट्ट झालं की वितळवून पुन्हा ओतताही येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना विसर्जनाच्या मूर्तींसाठी मातीसारख्या नैसर्गिक, विघटन होणाऱ्या मालाचा आग्रह धरतात. तेव्हा विसर्जनासाठी रेझिन नकोच. आपल्याकडे महालक्ष्म्यांचे मुखवटे मात्र घरात जपून वर्षानुवर्षं वापरले जातात. त्यांच्यासाठी हे ओतकाम खरोखर शोभतं.

आणि ज्याच्या बैलावरून साचा काढणार, त्या कारागिराचं काय? शिल्पाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण आहे, विकत घेतलेल्या मूर्तीसोबत तिच्या नकला विकण्याचा हक्क येत नाही. घरच्या हौसेपुरतं ठीक. बाजारात मांडायचे असतील तर बैल स्वतः घडवा, नाहीतर ज्याने घडवला त्याला आधी विचारा आणि त्याचा वाटा द्या.