लहरींचा शेजारधर्म
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, आपण रेडिओवर गाणें ऐकत असावें, आणि शेजारच्या बिऱ्हाडांत मिक्सर सुरू होतांच गाण्यावर खरखर पसरावी, हा अनुभव पुष्कळांना असेल. त्या यंत्राचें काम चटणी वाटण्याचें; आपल्या गाण्याशीं त्याचें वैर नाहीं. पण त्याच्या मोटारींत ब्रशांपाशीं बारीक ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे क्षणभर चालणारें एक प्रक्षेपणकेंद्रच होय. १८८८ च्या सुमारास हर्ट्झनें विद्युच्चुंबकीय लहरींचें अस्तित्व सिद्ध केलें तें अशाच ठिणग्यांच्या साहाय्यानें. ज्या ठिणगीनें रेडिओला जन्म दिला, तीच आज त्याला छळते.

या छळाचा बंदोबस्त करणाऱ्या शास्त्रास विद्युच्चुंबकीय सुसंगति असें म्हणतात. त्याचीं सूत्रें दोनच. यंत्रानें ठरलेल्या मर्यादेपलीकडे इतरांस उपद्रव देऊं नये, आणि इतरांचा मर्यादेंतील उपद्रव बिनतक्रार सोसावा. हा शेजारधर्मच आहे. त्याच्या मर्यादा ठरविण्यासाठीं १९३४ सालीं पॅरिस येथें आंतरराष्ट्रीय समितीची पहिली बैठक भरली. पुण्याच्या मोटार-संशोधन संस्थेंत आज वाहनांची परीक्षा याच दोन्ही अंगांनीं होते.

पदव्युत्तर वर्गाच्या चर्चासत्रांत या विषयावर कोणतेंहि प्रकरण पुढें आलें, तरी विद्यार्थ्यास तीन प्रश्न सोडवावे लागतात: उपद्रव कोठून निघाला, कोणत्या वाटेनें गेला, आणि कोणास बाधला? उत्तर सांपडलें कीं उपायहि तिन्ही ठिकाणीं करतां येतो.

यांतील वाटेचा प्रश्न समजण्यास मावळासारखा प्रदेश नाहीं. लोणावळ्याशेजारच्या औंढे गांवाच्या परिसरांतून मुंबई-पुणें लोहमार्ग फार दूर नाहीं. १९३० च्या सुमारास त्यावर विजेच्या गाड्या धांवूं लागल्या, तेव्हां वरच्या तारेंत १,५०० व्होल्टांचा एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह असे. आतां तेथें २५,००० व्होल्टांचा, सेकंदास ५० आवर्तनें करणारा प्रवाह आहे. पहिल्या प्रवाहाचें चुंबकीय क्षेत्र बरेंचसें स्थिर, तर दुसऱ्याचें सतत बदलतें. बदलतें क्षेत्र शेजारच्या तारेंत वीज उत्पन्न करतें, हें फॅरडेनें १८३१ सालींच दाखविलें. म्हणून रुळांना समांतर जाणाऱ्या टेलिफोनच्या व सिग्नलच्या तारांत, कोठेंहि स्पर्श न होतां, विद्युद्दाब निर्माण होतो. आणि समांतर अंतर जितकें लांब, तितका तो अधिक. येथें केवळ कानांतल्या गुणगुणीचा प्रश्न नसतो. तारेवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवाचा असतो. म्हणून तारा धातूच्या वेष्टनांत घालून जमिनीखालीं नेतात, किंवा तारेऐवजीं काचेच्या तंतूंतून प्रकाशानें संदेश पाठवितात. काचेवर या विजेची मात्रा चालत नाहीं.

ज्याला उपद्रव बाधतो त्याची कहाणी याच जिल्ह्याच्या उत्तर भागांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें पाहावयास मिळते. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं तेथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण उभी राहिली. या तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या प्रदेशांत पसरल्या आहेत. मनुष्यनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी, हें ती जागा निवडण्याचें एक कारण होतें. अतिदूरच्या आकाशगंगांतून येणारे संकेत इतके क्षीण असतात कीं, जवळचा एक मोबाइलहि त्यांना सहज झांकून टाकतो. विजेच्या खांबावरील सैल जोड किंवा तडकलेला चिनी मातीचा इन्सुलेटर ठिणग्या टाकूं लागला, तर तोहि तसाच त्रास देतो. पण शेतकऱ्याच्या पंपाची वीज तोडून विश्वाचें संशोधन करावें, असें कोण म्हणेल? म्हणून जोड घट्ट करणें हा एक उपाय. आणि ठिणगीचे क्षणिक ठोके गणकयंत्रानें ओळखून ते संकेतांतून वगळणें हा दुसरा.

एका गोष्टीचा मात्र विसर पडूं नये. अमेरिकेंत कार्ल जान्स्की हा तरुण अभियंता समुद्रापलीकडे जाणाऱ्या रेडिओ-टेलिफोनांतील खरखरीचा शोध घेत होता. वादळांची खरखर वगळल्यावरहि एक मंद फुत्कार उरला. तो रोज सुमारें चार मिनिटें अगोदर येई, म्हणजे ताऱ्यांच्या उदयाप्रमाणें. १९३३ सालीं त्यानें जाहीर केलें कीं, हा आवाज आपल्या आकाशगंगेचा आहे. रेडिओ-खगोलशास्त्राचा जन्म असा उपद्रवाच्या तपासांतून झाला.

यास्तव खरखर ऐकूं आली कीं रेडिओ बंद करण्यापूर्वीं तिचें मूळ शोधावें. घरांतील स्विच, सैल प्लग, झिजलेले ब्रश यांपैकीं कांहीं ठिणग्या टाकीत असल्यास तें दुरुस्त करून घ्यावें. त्यानें आगीचें भय कमी होईल, शेजाऱ्याचें गाणें स्वच्छ होईल, आणि आकाशाकडे कान लावून बसलेल्यांच्या वाटेंतील एक अडथळा दूर होईल.