उंची कमी आहे, वय नाही

प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिलं उभं राहणाऱ्या मुलाला आपली उंची कमी आहे हे कुणी सांगावं लागत नाही. त्याला हवी असते वयाला साजेशी वागणूक. तिच्या आड येणारे हे काही समज.

गैरसमज : उंची कमी म्हणजे न्यूनगंड येणारच.
वस्तुस्थिती : इंग्लंडमधल्या वेसेक्स अभ्यासात निरोगी पण बुटक्या मुलांची सरासरी उंचीच्या मुलांशी तुलना झाली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांच्या आत्मसन्मानात ठळक फरक दिसला नाही. मात्र शाळेतली दादागिरी बुटक्या मुलांच्या वाट्याला अधिक येते, हेही पुढे त्याच प्रकल्पातून समोर आलं.

गैरसमज : बारला लोंबकळलं की उंची वाढते.
वस्तुस्थिती : त्याने व्यायाम होतो, हाडं लांब होत नाहीत. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. हा वेग ४ च्या खाली गेला तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. थायरॉइडची किंवा वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असेल, तर त्यावर उपचार आहेत. पण दर रविवारी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण करून मुलाची परीक्षा घेऊ नये. सहा महिन्यांतून एकदा मोजलं तरी पुरे.

गैरसमज : जन्मजात खुजेपणा असलेलं मूल बुद्धीनेही मागे असतं.
वस्तुस्थिती : अशा खुजेपणाचं सर्वाधिक आढळणारं कारण म्हणजे अकॉन्ड्रोप्लेजिया. त्यात हाडांची वाढ खुंटते. बुद्धी सहसा चारचौघांसारखीच असते. यातल्या दहापैकी आठ मुलांचे आईवडील सरासरी उंचीचे असतात, जनुकातला बदल नव्याने झालेला असतो. तेव्हा ग्रहण पाळलं नाही म्हणून आईला बोल लावण्यात अर्थ नाही. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये बॅडमिंटनचं सुवर्णपदक जिंकणारा, स्वतःही कमी उंचीचा असलेला कृष्णा नागर मुलाला जरूर दाखवावा. पण मान मिळवायला पदक आणलंच पाहिजे, अशी अट नको.

गैरसमज : ‘छोटू’, ‘टिंगू’ ही लाडाची नावं आहेत.
वस्तुस्थिती : दहा वर्षांच्या मुलीला अशा नावांनी हाक मारायची, पाहुण्यांनी तिला कडेवर घ्यायचं, स्नेहसंमेलनात दरवर्षी तिलाच बाळकृष्ण करायचं आणि वाण्याकडे मात्र धाकट्या भावाला पाठवायचं, हे सगळं तिच्या लक्षात येत असतं. तिला वाण्याकडे पाठवा, उरलेले सुट्टे मोजून आणू द्या. कपड्यांचा खण तिच्या हाताला येईल असा ठेवा, बेसिनपाशी न डुगडुगणारं स्टूल द्या. वर्गात बाकावर पाय लोंबकळत असतील, तर खाली पाट ठेवायला शिक्षकांना सांगा.

गैरसमज : चिडवलं तर दुर्लक्ष कर, एवढं सांगितलं की झालं.
वस्तुस्थिती : सतत दुर्लक्ष करणं मोठ्यांनाही जमत नाही. त्यापेक्षा घरी उत्तराची तालीम करावी : ‘हो, माझी उंची कमी आहे. आता बॉल टाक.’ आवाज न चढवता, नजरेला नजर देऊन. तरीही चिडवणं थांबलं नाही, तर वर्गशिक्षकांना भेटणं हे आईबाबांचं काम. ते मुलावर ढकलू नये.