विश्लेषण : प्रकाशाच्या मदतीने रक्तातील कर्करोगाची चाहूल कशी लागते?

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाची शक्यता तपासताना रक्तातील ‘पीएसए’ हे प्रथिन मोजतात. मिलिलिटरमागे ४ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे ४ अब्जांश भाग, ही अनेक वर्षे वापरली गेलेली मर्यादा. त्याच मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिन हे नेहमीचे प्रथिन साधारण ४० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे एक कोटी पट असते. या गर्दीतून नेमके प्रथिन टिपण्यासाठी प्रकाशावर चालणारे जैवसंवेदक विकसित केले जात आहेत.

संवेदक काम कसा करतो?

इलेक्ट्रोडवर टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या अर्धवाहकाचा थर असतो. त्यावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होऊन सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो. थरावर ठरावीक प्रथिनच पकडणाऱ्या अँटिबॉडी बसवलेल्या असतात. ते प्रथिन चिकटले की इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीत अडथळा येतो आणि प्रवाह घटतो. किती घटला, यावरून प्रथिनाचे प्रमाण कळते. काही रचनांमध्ये याउलट प्रवाह वाढतो.

नॅनोकण कशासाठी?

टायटॅनियम डायऑक्साइड प्रामुख्याने अतिनील किरण शोषतो आणि हे किरण प्रथिनांना इजा करू शकतात. सोन्याचे नॅनोकण किंवा क्वांटम डॉट जोडले की साधा दृश्य प्रकाशही पुरतो. क्वांटम डॉटच्या शोधासाठी व निर्मितीसाठी २०२३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल देण्यात आले. शिवाय कण सूक्ष्म असल्याने अँटिबॉडी बसवायला पृष्ठभाग जास्त मिळतो.

फायदा काय?

येथे आत जातो प्रकाश आणि मोजली जाते वीज. दोन्ही वेगवेगळे असल्याने नको असलेले संकेत कमी मिसळतात आणि अत्यल्प प्रथिनही हाती लागू शकते. एलईडी दिवा पुरत असल्याने उपकरण लहान व स्वस्त करता येण्याची आशा आहे.

अडचणी कोणत्या?

प्रयोगशाळेतील स्वच्छ द्रावण आणि खरे रक्त यांत फरक असतो. रक्तातील इतर प्रथिने पृष्ठभागावर चिकटून आकडा चुकवू शकतात. काही क्वांटम डॉटमध्ये कॅडमियम हा विषारी धातू असतो. मोठ्या संख्येने रुग्णांवर पडताळणी झाल्याशिवाय अशी चाचणी दवाखान्यात येऊ शकत नाही.

प्रमाण वाढले म्हणजे कर्करोगच का?

नाही. वयोमानाने ग्रंथी वाढल्यास किंवा तिला सूज आल्यासही पीएसए वाढते. ‘सीईए’ हे दुसरे प्रथिन धूम्रपान करणाऱ्यांतही वाढलेले आढळते. उलट, आकडा मर्यादेत असूनही कर्करोग असू शकतो. संवेदक कितीही अचूक झाला, तरी तो प्रथिन मोजतो, रोग नव्हे. त्यामुळे अहवाल पाहून घाबरू नये, तसेच निर्धास्तही राहू नये. पुढील तपासणी, गरज पडल्यास बायोप्सी, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी.