मंजूर अर्जातल्या उणिवा

बोर्डात पहिल्या आलेल्या मुलाची उत्तरपत्रिका कुणी गावभर वाटली, आणि परीक्षकाने समासात लाल शाईने मारलेले शेरेही तिच्यावर तसेच ठेवले, तर? आपल्याकडे हे कल्पनेतही अवघड. अमेरिकेतल्या वैद्यक संशोधनात मात्र असं खरोखर घडतं, आणि जगात कुठेही बसून ती ‘उत्तरपत्रिका’ फुकट वाचता येते.

वैद्यक संशोधनाला पैसा देणारी जगातली सगळ्यात मोठी सरकारी यंत्रणा म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, थोडक्यात एनआयएच. मुक्काम बेथेस्डा, मेरीलँड. तिच्या छत्राखाली २७ संस्था आणि केंद्रं आहेत. त्यांतली एक एनआयएआयडी, संसर्गजन्य रोग आणि अ‍ॅलर्जी यांचं काम पाहणारी. एड्स, क्षय, मलेरिया तिच्याकडे. या संस्थेने मंजूर झालेले काही अर्ज नमुना म्हणून सर्वांसाठी खुले केले आहेत. अर्ज करणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव तसंच, योजना तशीच, फक्त गोपनीय मजकूर तेवढा झाकलेला. आणि अर्जाच्या जोडीला तपासणाऱ्यांचा अहवाल.

या दोन कागदांचा इतिहास वेगवेगळा आहे, आणि तो मोठा गमतीचा आहे. १९७० च्या दशकात वॉशिंग्टन रिसर्च प्रोजेक्ट नावाच्या एका गटाने ११ संशोधन प्रकल्पांचे कागद माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली मागितले. शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांवर मनावर परिणाम करणारी औषधं तपासण्याचे ते प्रकल्प होते. नागरिकांना त्यात रस असणं साहजिकच. सरकारने नकार दिला. शास्त्रज्ञाची कल्पना हे त्याचं व्यापारी गुपित, असा युक्तिवाद केला. १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. जो माणूस व्यापारच करत नाही, त्याच्या संशोधनाच्या आराखड्याला व्यापारी गुपित कसं म्हणायचं? तेव्हापासून अनुदान मिळालेला अर्ज मागता येऊ लागला. पण तपासणाऱ्यांचा अहवाल त्याच निकालाने बंदच ठेवला. तो सरकारी खात्याच्या आतला सल्ला. हे अहवाल एके काळी गुलाबी कागदावर यायचे, म्हणून प्रयोगशाळांमधून त्यांना ‘पिंक शीट’ म्हणत.

म्हणजे न्यायालयाने जो अर्धा भाग कुलपात ठेवला, तोच आज नमुन्यांबरोबर वाचायला मिळतो, आणि तो केवळ त्या शास्त्रज्ञाने ‘चालेल’ म्हटलं म्हणून. स्वतःच्या उणिवांची यादी नावानिशी चव्हाट्यावर मांडायला माणूस तयार होतो, याचं मला कौतुक वाटतं. खरा खजिनाही तिथेच आहे. नुसता अर्ज वाचला तर सगळं गुळगुळीत दिसतं. हे आपल्याला कधी जमायचं नाही, एवढंच कळतं. अहवाल शेजारी ठेवला की मजकुरातल्या फटी दिसू लागतात.

तो अहवाल तयार कसा होतो ते पाहण्यासारखं आहे. अर्ज जातो एका ‘स्टडी सेक्शन’कडे. हे लोक सरकारी बाबू नसतात. बहुतेक विद्यापीठांत काम करणारे, स्वतःही असेच अर्ज लिहिणारे शास्त्रज्ञ. प्रत्येक अर्ज साधारण तिघांना नेमून दिलेला असतो. ते आधी वाचून गुण देतात, १ ते ९. इथे १ म्हणजे सर्वोत्तम, त्यामुळे आपल्या सवयीला सगळं उलटं. प्राथमिक गुणांत मागे पडलेले अर्ज, ढोबळमानाने निम्मे, बैठकीत चर्चेलाच येत नाहीत. उरलेल्यांवर चर्चा होते. ज्याचा अर्जदाराशी संबंध आहे तो सदस्य खोलीबाहेर जातो. तिघे आपापले गुण सांगतात, वाद घालतात, मग पुन्हा गुण सांगतात. समजा २, ३ आणि ४ आले. आता बाकीचे सदस्य गुप्त मत देणार, पण ज्याला या पट्ट्याबाहेर जायचंय त्याने तसं जाहीर करायचं. सगळ्यांची सरासरी काढून तिला दहाने गुणतात. २.७ चे झाले २७. एवढ्याशा आकड्यावर एखाद्या प्रयोगशाळेची पुढची चार-पाच वर्षं ठरतात.

अहवालात सुरुवातीला चर्चेचा सारांश असतो, मग तिघांची टिपणं जवळजवळ जशीच्या तशी. बलस्थानं, उणिवा, बलस्थानं, उणिवा. पहिल्यांदा वाचणाऱ्याला धक्का बसतो तो इथे: मंजूर झालेल्या अर्जांनाही उणिवा असतात, आणि त्या चांगल्या ठसठशीत असतात. कामाचा पसारा वेळेच्या मानाने जास्त आहे. पहिला प्रयोग फसला तर काय करणार ते नीट सांगितलेलं नाही. उंदरांची संख्या कशी ठरवली त्याचा हिशोब नाही. कधी तर एकाला जे धाडस वाटतं तेच दुसऱ्याला अविचार वाटतं, आणि दोन्ही मतं पाठोपाठच्या पानांवर छापलेली असतात. हा एखाद्या बैठकीतला अपघात नव्हे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. ४३ तपासनिसांना २५ खरे अर्ज देऊन पाहिले होते; एकाच अर्जाबद्दल त्यांच्यात मेळ जवळपास नव्हताच. तेव्हा नमुना वाचताना ‘यात चूक काय?’ एवढंच विचारून भागत नाही. एवढ्या चुका असूनही तिघांपैकी कुणीतरी या अर्जाची बाजू लावून धरली. त्याच्या हातात अर्जदाराने असं काय दिलं होतं?

बहुतेकदा उत्तर एका पानात असतं. ‘स्पेसिफिक एम्स’ नावाचं हे पान, उद्दिष्टांचं. आर-ओ-वन या नेहमीच्या मोठ्या अनुदानात संशोधनाची योजना १२ पानांत मांडायची, पण उद्दिष्टांना पान एकच. अक्षर ११ पॉइंटचं, समास अर्ध्या इंचाचा. मत देणाऱ्या सगळ्यांनी १२ पानं बारकाईने वाचलेली नसतात. हे एक पान मात्र जवळपास प्रत्येकाच्या नजरेखालून जातं.

समजा विषय क्षयाचा आहे. नवखा लिहितो, क्षय हा जगातला एक गंभीर आजार आहे. तपासणाऱ्याला हे कुणी सांगायला हवं होतं का? मुरलेला लेखक तीन-चार वाक्यांत थेट फटीपाशी पोचतो. जंतूंना गिळणारी मॅक्रोफेज पेशी क्षयाच्या जंतूला गिळते, पण तो आत पचत नाही. त्याला कोंडणारी पिशवी पेशीतल्या पाचक पिशवीशी जुळू नये, अशी व्यवस्था जंतू स्वतःच करतो. इतकं माहीत आहे. पेशीचा अमुक एक घटक त्यात जंतूला सामील आहे का, हे माहीत नाही. आम्हाला वाटतं तो आहे. हा आमच्याकडचा सुरुवातीचा पुरावा. आणि आमचं म्हणणं चुकीचं असेल तर ते अमुक प्रयोगात उघडं पडेल. मग दोन-तीन उद्दिष्टं.

इथेच सापळा आहे. पहिल्या उद्दिष्टात तो घटक शोधायचा आणि दुसऱ्यात तो उंदरात काढून पाहायचा, अशी मांडणी केली आणि घटक सापडलाच नाही, तर दुसरं उद्दिष्ट जागीच आडवं. तपासणारे यावर हटकून बोट ठेवतात. चांगल्या नमुन्यांत प्रत्येक उद्दिष्ट स्वतःच्या पायावर उभं असतं आणि प्रयोगाचं उत्तर ‘हो’ आलं काय, ‘नाही’ आलं काय, हाती काहीतरी लागतंच. हे हस्तपुस्तिकेत एका ओळीत सांगता येतं, पण कळतं ते तीन-चार वेगवेगळ्या विषयांचे अर्ज शेजारी ठेवल्यावर. आपल्या विषयातला नमुना वाचताना मन विज्ञानातच अडकतं. परक्या विषयातला वाचला की बांधणी उठून दिसते.

नमुन्याचं वय मात्र पाहायलाच हवं. २०१० च्या आधी हीच योजना २५ पानांची असायची. त्या काळचा अर्ज समोर ठेवून आज लिहायला बसलं तर निम्म्यातच जागा संपेल. जानेवारी २०२५ पासून निकषही बदलले. आधी पाच होते, आता तीन गटांत बांधले आहेत, आणि संशोधकाची पात्रता व संस्थेच्या सोयी यांना वेगळे गुण न देता त्या पुरेशा आहेत की नाहीत एवढंच पाहतात. नावाजलेल्या संस्थेचा शिक्का पूर्वी जितका कामी यायचा तितका आता येऊ नये, असा त्यामागचा हेतू.

वाक्यं उचलण्याचा मोह झाला तर अमेरिकी नियमांत संशोधनातल्या गैरवर्तनाची व्याख्या वाचावी. वाङ्मयचौर्य शोधनिबंधातलं असेल तरच गुन्हा, असं ती म्हणत नाही. संशोधन ‘प्रस्तावित’ करतानाची चोरीही तिच्यात धरली आहे. या नमुन्यांवर मूळ लेखकांचा हक्क कायम असतो, शिकण्यासाठी वापरायची तेवढी परवानगी.

बॉस्टन-ह्यूस्टनच्या प्रयोगशाळांतून व्हिसावर काम करणारी आपली अनेक मराठी मुलं-मुली हे सगळं अगदी जवळून जगतात. पोस्टडॉकसाठीच्या काही एनआयएच फेलोशिपना अमेरिकी नागरिकत्व किंवा कायमच्या वास्तव्याचा परवाना लागतो. के-नाइन्टीनाइन हे अनुदान मात्र परदेशी उमेदवारालाही मागता येत आलं आहे, आणि म्हणून त्यांच्यात त्यासाठी मोठी चुरस. ज्यांच्या गाइडनेच पूर्वी मोठी अनुदानं मिळवली आहेत त्यांना घरातच जुने अर्ज चाळायला मिळतात. ज्यांच्या वाट्याला तसा गाइड येत नाही, त्यांना हे खुले नमुने.

अर्ज फेटाळला गेला तर ३७ महिन्यांच्या आत तो एकदा सुधारून पाठवता येतो. त्यासाठी एक जादा पान मिळतं, आक्षेपांना उत्तर देण्यासाठी. त्या पानाचे नमुने अवश्य शोधून वाचावेत: तपासणाऱ्याचं कुठे मानायचं, कुठे नम्रपणे नाही म्हणायचं आणि हे करताना स्वरात कडवटपणा कसा येऊ द्यायचा नाही, ते तिथे शिकायला मिळतं. अर्थात दुसऱ्या खेपेला टेबलाभोवती तीच माणसं असतील असं नाही, आणि नवा तपासनीस पहिल्या तिघांना न दिसलेली खोट काढायला मोकळा असतो.