‘ढ’ ठरवण्याआधी तपासणी

गोंदिया जिल्ह्यातल्या बिरसी परिसरात अनेक घरांत पोवारी, हिंदी किंवा गोंडी बोलतात आणि शाळेत मात्र मराठी शिकवतात. अशा घरातलं दुसरीतलं मूल वाचताना अडखळलं, तर कारण नवी भाषा असू शकतं किंवा अध्ययन अक्षमताही. फरक ओळखायची एक खूण आहे: अक्षमता असेल तर घरच्या भाषेत अस्खलित गप्पा मारणारं मूलही अक्षर आणि आवाज यांची जोडी पुन्हा पुन्हा विसरतं. याचा बुद्धीशी किंवा आळसाशी संबंध नाही. अशा मुलांच्या मेंदूत वाचनासाठी आवाज आणि अक्षर जोडणारी यंत्रणा वेगळ्या पद्धतीने काम करते.

पहिली पायरी म्हणजे डोळे आणि कान तपासणं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर शाळेत एकदा येतात. त्यांना शंका स्पष्ट सांगा आणि पुढील तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा. मूल घरी कोणती भाषा बोलतं, हेही तिथे आवर्जून सांगा.

पक्कं निदान साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास होतं, कारण तोवर वाचन शिकायला पुरेशी संधी मिळालेली असते. मदतीला मात्र निदानाची वाट पाहायची गरज नसते. अक्षरांचे आवाज रोज थोडा वेळ खेळातून घोटून घेतले, तर प्रत्येक मुलाला फायदाच होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मागणं हा मुलाचा हक्क आहे.