भागाकार करून बघा

चष्मा, कानाचं मशीन, व्हीलचेअर, कृत्रिम पाय, पांढरी काठी. जगात 250 कोटींहून जास्त लोकांना यातलं किंवा असंच काहीतरी साधन लागतं, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा मे 2022 मधला अहवाल सांगतो. 2050 पर्यंत हा आकडा 350 कोटींवर जाईल. आज जवळपास 100 कोटी लोकांना ते साधन मिळत नाही. श्रीमंत देशांत गरजूंपैकी 90 टक्क्यांपर्यंत लोकांच्या हाती ते पोचतं. काही गरीब देशांत हेच प्रमाण जेमतेम 3 टक्के आहे. पण 250 कोटी माणसं कुणाच्या डोळ्यांपुढे उभी राहतात? आकडा फुगत गेला की आपण पान उलटतो. म्हणून इथे उलटं गणित मांडतो, भागाकाराचं.

दिव्यांगांना साधनं देण्यासाठी केंद्र सरकारची ‘एडिप’ योजना 1981 पासून आहे. 2024-25 च्या अर्थसंकल्पात तिला 315 कोटी रुपये मिळाले. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग मोजले गेले होते. त्यांतले साडेएकोणतीस लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातले. 315 कोटींना 2.68 कोटींनी भागलं की माणशी, वर्षाला, 118 रुपयेही पुरते येत नाहीत. प्रत्येकाला दर वर्षी नवं साधन लागत नाही, हे खरं. तीन वर्षांतून एकदा लागतं असं धरू. तरी रक्कम साडेतीनशेच्या आसपासच राहते.

आणि भाजक तरी बरोबर आहे का? त्या जनगणनेत दिव्यांगांचं प्रमाण 2.21 टक्के निघालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दर सहा माणसांमागे एक, म्हणजे 16 टक्के, लक्षणीय अपंगत्वासह जगतो. या हिशेबात म्हातारपणी ऐकू न येणं आणि गुडघे न चालणंही धरलेलं आहे, म्हणून तो मोठा दिसतो. हेच 16 टक्के भारताच्या 140 कोटींना लावले तर 22 कोटींच्या वर माणसं होतात, आणि 118 रुपयांचे 14 रुपये होतात. दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येपुरते खरे आहेत. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले. माणसं तीच राहिली, यादी लांबली.

29 फेब्रुवारी 2020 ला प्रयागराजमध्ये अशा साधनांच्या वाटपाचा विक्रमी कार्यक्रम झाला. जवळपास 27 हजार दिव्यांग आणि ज्येष्ठ नागरिकांना 56 हजारांहून जास्त साधनं दिली गेली, किंमत 19 कोटींच्या वर. माणशी सात हजार रुपये होतात. ही रक्कम थट्टेवारी नेण्यासारखी नाही, ज्याला तीनचाकी मिळाली त्याचं जग त्या दिवशी नक्कीच रुंदावलं असेल. माझी तक्रार एवढीच की विक्रम वाटपाचे होतात. वर्षभराने त्यांतल्या किती सायकलींची चाकं अजून फिरताहेत, याचा विक्रम नोंदवायला कुणी येत नाही.

कारण खरा खर्च साधन घरी आल्यावर सुरू होतो. कानाच्या मशीनचंच बघा. त्याचा सेल शर्टाच्या गुंडीपेक्षा लहान. वर एक रंगीत स्टिकर असतो, तो सोलला की सेलच्या बारीक भोकांतून हवा आत जाते आणि सेल चालू होतो. मग मशीन वापरा न वापरा, स्टिकर परत चिकटवा न चिकटवा, तो संपतच राहतो. एक सेल आठवडाभर टिकतो असं धरलं तर दोन कानांना वर्षाला 104 सेल लागतात. सेल 40 रुपयांचा धरला तर 4,160 रुपये झाले. शिवाय मूल वाढतं तसा त्याचा कानही वाढतो, आणि कानात बसवायचा साचा सैल होऊन मशीन शिट्टी मारायला लागतं. लहान मुलांचा साचा काही महिन्यांनीच बदलावा लागतो. कोकणातल्या पावसाळ्यात रात्री मशीन डबीत, सिलिका जेलच्या पुडीशेजारी ठेवावं लागतं, नाहीतर दमटपणाने ते बिघडतं. यातलं काहीही वाटपाच्या फोटोत दिसत नाही.

शस्त्रक्रिया करून कानात बसवायचं कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे याच गोष्टीची लाखांतली आवृत्ती. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था एडिपखालच्या या शस्त्रक्रियांचं काम बघते. योजनेत देशभरातल्या वर्षाला 500 मुलांची तरतूद आहे आणि प्रत्येकामागे सहा-सात लाखांचा खर्च सरकार उचलतं. भारतात वर्षाला दोन कोटींहून जास्त मुलं जन्मतात. हजारी एक जरी जन्मतः गंभीर बहिरेपण असलेलं निघालं, तरी ती वीस हजारांवर जातात. सगळ्यांनाच इम्प्लांट लागत नाही आणि राज्यांच्याही योजना आहेत, तरी 500 आणि 20,000 यांच्यातलं अंतर बुजत नाही. ज्याला इम्प्लांट मिळतं त्याच्या कवटीतला भाग पुष्कळ वर्षं टिकतो, पण कानामागचा प्रोसेसर, त्याची केबल, बॅटरी झिजतात आणि मॉडेल जुनं होतं. तेव्हा पुन्हा आईबापांची धावपळ.

एडिपमध्ये महिना 22,500 रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर साधन फुकट मिळतं, 30,000 पर्यंत निम्म्या किमतीत. त्यापुढे काही नाही. 31,000 पगाराच्या घराने काय करावं? आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशनने व्हीलचेअरला जोडून ती ताशी 25 किलोमीटरने पळवणारं ‘निओबोल्ट’ 2021 मध्ये आणलं. तेव्हा किंमत 55,000 रुपये. परदेशी यंत्रांच्या मानाने स्वस्त. त्या घराला मात्र पावणेदोन महिन्यांचा पगार. अशी घरं मग नातेवाइकांकडे हात पसरतात. जगभरातलं चित्र याहून वेगळं नाही. सुरुवातीला सांगितलेल्या अहवालानुसार साधन वापरणाऱ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांनी पैसे स्वतःच्या खिशातून भरले. श्रवणयंत्रांच्या दुकानांत हल्ली हप्त्याची पाटी दिसते, पण हप्त्याला पगाराची स्लिप लागते, आणि ऊसतोड मजुराकडे स्लिप कुठून येणार? दिव्यांगांसाठी केंद्राचं वित्त महामंडळ 1997 पासून स्वस्त व्याजाने कर्ज देतं, पण त्याचा मुख्य भर धंद्यावर, स्वयंरोजगारावर आहे.

वास्तविक साधनावर घातलेला पैसा बुडीत नसतो. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या 751 मजुरांवर एक प्रयोग झाला, 2018 मध्ये तो ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये छापून आला. निम्म्यांना जवळचं दिसण्याचा साधा चष्मा दिला. मळ्यावर पोचवण्याच्या खर्चासकट माणशी सुमारे 10 डॉलर. चष्मा मिळालेल्यांची पानतोड इतरांपेक्षा जवळपास 22 टक्के जास्त वाढली. अडीच-तीन टक्के पगारवाढीसाठी संप होतात, त्या जगात हा चष्मा. चष्मा, श्रवणयंत्र, कृत्रिम अवयव आणि व्हीलचेअर या चार साधनांवरच्या एका रुपयामागे नऊ परत येतात, असा ‘एटीस्केल’ या जागतिक भागीदारीचा हिशेब आहे. मजुराच्या घरात हे नऊ येतात वर्षानुवर्षांनी. एक मात्र आजच मोजावा लागतो.

ब्रिटनमध्ये 1977 साली निघालेल्या ‘मोटॅबिलिटी’ योजनेने ही गाठ बरी सोडवली आहे. दिव्यांग माणूस आपला सरकारी प्रवासभत्ता तिकडे वळवतो, बदल्यात गाडी किंवा बॅटरीवरची व्हीलचेअर भाड्याने मिळते, आणि विमा, दुरुस्ती, बंद पडल्यावरची मदत त्यातच येते. आज तिचे आठ लाखांवर ग्राहक आहेत. आपल्याकडे वळवायला तेवढा भत्ता तर हवा! केंद्राचं दिव्यांग निवृत्तिवेतन 80 वर्षांखालच्यांना महिना 300 रुपये आहे, 2012 पासून. दिवसाचे 10.

महाराष्ट्रात मात्र एक झरा गावातच आहे. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येकाने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. चार लाखांच्या स्वउत्पन्नावर 20,000 होतात. दहा दिव्यांगांत ते मार्चअखेरीला सारखे वाटले तर प्रत्येकाच्या खात्यात 2,000 पडतात आणि किराणात जातात. त्याच 20,000 त चार जणांच्या दोन्ही कानांच्या मशीनचे वर्षभराचे सेल येतात, आणि उरलेल्या तीन-साडेतीन हजारांत पंक्चर, ट्यूब, ब्रेकची तार. वाटप कसं करायचं ते पंचायतीत ठरतं, तेव्हा ज्यांच्या घरात मशीन आहे त्यांनी सेलच्या पावत्या घेऊन तिथे बसावं.