पंधराशे शब्दांत केज मांडायचं तर

दिवाळीचा फराळ डब्यात असतानाच बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या कितीतरी वस्त्या ओस पडायला लागतात. मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, भांडीकुंडी, पत्र्याची पेटी, शेळी, अंगावरची लेकरं चढतात, म्हातारी माणसं घर राखायला मागे राहतात. पुढचे पाच-सहा महिने मुक्काम सांगली-कोल्हापूरकडच्या नाहीतर कर्नाटकातल्या उसाच्या फडावर, कोपीत. नवरा-बायको मिळून मुकादमाच्या वहीत 'एक कोयता'. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली. ती फिटेपर्यंत आजारी पडून घरी बसलं तरी खाडा धरला जातो, म्हणजे दिवसाची मजुरी जाते आणि वर दंडही बसतो.

मार्चमध्ये हंगाम उतरणीला लागलेला असतो. त्याच महिन्यात न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या महिला आयोगाचं अधिवेशन भरतं. त्याआधी फेब्रुवारीत सामाजिक विकास आयोग बसलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या ७१व्या कलमामुळे सरकारांखेरीज बिगरसरकारी संस्थांनाही तिथे म्हणणं मांडता येतं. सल्लागार दर्जा मिळालेल्या अशा संस्थांमध्ये मानसशास्त्रज्ञांच्याही संघटना आहेत. १९२०मध्ये स्थापन झालेली उपयोजित मानसशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना, १९५१चा आंतरराष्ट्रीय मानसशास्त्र संघ आणि अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन ही त्यांतली मोठी नावं.

या संघटनांच्या वतीने जाणारे प्रतिनिधी बहुतांशी स्वयंसेवक असतात. कुणी निवृत्त प्राध्यापक, कुणी दवाखाना सांभाळून वेळ काढणारा, कुणी पीएच.डी.चा विद्यार्थी. गळ्यात ओळखपत्र अडकवायचं, ठरावांचे मसुदे वाचायचे, 'इथे आरोग्याच्या जोडीला मानसिक हा शब्द घाला' म्हणून मुत्सद्द्यांच्या मागे लागायचं. काम किचकट आणि बरंचसं न दिसणारं. लेखी निवेदनाला शब्दमर्यादाही ठरलेली: १९९६च्या नियमावलीनुसार विशेष दर्जाच्या संस्थेला आयोगापुढे १५०० शब्द, आर्थिक व सामाजिक परिषदेपुढे अवघे ५००.

एवढ्यानं काय होतं, असं कुणी विचारलं तर उत्तर आहे. २०००च्या सहस्रक विकास उद्दिष्टांमध्ये मानसिक आरोग्य हे शब्दही नव्हते. सप्टेंबर २०१५मध्ये शाश्वत विकास उद्दिष्टं मंजूर झाली, तेव्हा ३.४ या लक्ष्यात ते आले आणि आत्महत्यांचं प्रमाण हा मोजमापाचा निकष ठरला. त्यामागे न्यूयॉर्कमधल्या या बिनपगारी मंडळींचा रेटा होता, तसाच संशोधकांचाही. २०१४मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहून ही मागणी लावून धरणाऱ्या दोघांपैकी एक होते मुंबईत वाढलेले, गोव्यात काम उभं केलेले डॉ. विक्रम पटेल.

पण बिनपगारी खुर्ची दिसायला सगळ्यांना मोकळी असते, बसायला नाही. न्यूयॉर्कचं घरभाडं, व्हिसा, महिनाभराची रजा, इंग्रजीतली कायद्याची भाषा हे सगळं ज्याला झेपतं, तोच तिथे बसतो. या लोकांच्या तळमळीवर मला शंका नाही. शंका आहे ती त्यांच्यापर्यंत काय पोहोचतं याची.

आपल्याकडून तिथवर जी वाट गेली, ती पुराव्याची वाट होती. पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये गोव्यात 'संगथ' ही संस्था काढली. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी समुपदेशन केलं तर नैराश्य कमी होतं का, हे तिथे शास्त्रीय चाचण्या लावून तपासलं गेलं. विदर्भात डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेलं. पुण्यात इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्रातून डॉ. सौमित्र पाठारे यांनी मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या मसुद्याला हातभार लावला. २००७मध्ये भारतानं अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर शिक्कामोर्तब केलं, त्यातून जुना कायदा बदलणं भाग पडलं आणि २०१७चा कायदा आला. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरा, हे त्याचं ११५वं कलम सांगतं. जगाच्या टेबलावर ठरलेली गोष्ट केजच्या पोलीस ठाण्यापर्यंत येते ती अशी.

ही तिन्ही नावं मनोविकारतज्ज्ञांची आहेत, म्हणजे वैद्यकीय पदवी घेतलेल्यांची. मानसशास्त्रज्ञ या यादीत शोधावे लागतात. कायद्यानंही त्यांना अर्धीच जागा दिली आहे. केंद्रीय आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणात एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. पण तक्रारी जिथे प्रत्यक्ष ऐकल्या जायच्या त्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळात जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर, शिवाय रुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा संस्थांचे प्रतिनिधी आहेत, मानसशास्त्रज्ञ नाही. न्यूयॉर्कला व्यवसायाचं प्रतिनिधित्व करण्याची चर्चा आपण करतो आणि बीडला त्या व्यवसायाला खुर्चीच नाही.

मानसशास्त्रज्ञाची गरज कुठे पडते ते आशाताईच्या कागदावर दिसतं. मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत राज्य सरकारनं २०१५मध्ये शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. त्यात आशा कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन खचलेली माणसं हेरायची, पुढे पाठवायची. कल्पना चांगली. पण हेरायचं कशानं? नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक यादी आहे, १९९९च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेली. मागच्या दोन आठवड्यांत झोपेचा त्रास झाला का, थकवा होता का, भूक मंदावली का, असे प्रश्न. 'जवळजवळ रोज' म्हटलं की तीन गुण. दहा किंवा त्याहून जास्त झाले की लक्ष द्यायचं.

आता ही यादी फडावरच्या बाईला लावून पाहा. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत ऊस तोडायला सुरुवात, मग मोळ्या बांधून डोक्यावरून वाहायच्या, गाडी रात्री आली तर रात्री भरायची. झोपेचे तीन, थकव्याचे तीन, भुकेचे तीन. मनाचे प्रश्न बाजूला ठेवूनच नऊ झाले. उलट पारावर बसलेला कर्जबाजारी बाप्या प्रत्येक प्रश्नाला 'काय न्हाई, बरं हाय' म्हणतो आणि शून्यावर सुटतो. शिवाय आशाताई डिसेंबरात आली तर कोयता घरी नसतोच. प्रश्न कुठे, कधी, कसे विचारायचे हे ठरवणं हेच मानसशास्त्रज्ञाचं काम, आणि ते केजात बसूनच होण्यासारखं आहे.

२०२३मध्ये मराठवाड्यात १०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतल्या २६९ एकट्या बीड जिल्ह्यातल्या, विभागात सर्वांत जास्त. असा मृत्यू झाला की चौकशी होते. कर्ज होतं का, नापिकी होती का, वसुलीचा तगादा होता का, एवढं पाहून प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरतं. पात्र ठरलं तर २००६च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाख रुपये: ३० हजार हाती, ७० हजार बँकेत ठेव. मदत हवीच. पण मागे राहिलेल्या बायकोचं, पोरांचं पुढे काय झालं हे विचारायला या कागदात रकाना नाही. मेलेल्या माणसाची पात्रता तपासण्यात सरकार इतकं गुंतलेलं असतं की जिवंत माणसं फायलीबाहेर राहतात.

दुसरं उदाहरण ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं. २०१९मध्ये हा विषय देशभर गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. चर्चा झाली ती स्त्रीरोगतज्ज्ञांची, खासगी दवाखान्यांची, कामगार खात्याची. माझ्या मते हा तितकाच मानसशास्त्राचा प्रश्न आहे. संमतीपत्रावर अंगठा किंवा सही असतेच. पण फडावर संडास नाही, न्हाणीघर नाही, पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर खाडा, उचल डोक्यावर, आणि डॉक्टर म्हणतो 'पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल'. अशा वेळी दिलेल्या होकाराला होकार म्हणायचं का? कर्जाखाली माणूस निर्णय कसा घेतो यावर जगभर संशोधन होतं. न्यूयॉर्कच्या त्या महिला आयोगापुढे ठेवायला याहून नेमकं निवेदन कुठलं?

मात्र तज्ज्ञ बोलले म्हणजे माणसं बोलली असं होत नाही, हे पुण्याच्या भार्गवी दावर यांनी आयुष्यभर सांगितलं. आईला मनोरुग्णालयांत काय सोसावं लागलं ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. त्या आईच्या नावानं त्यांनी १९९९मध्ये 'बापू ट्रस्ट' काढला आणि पुढे आशियातल्या मनोसामाजिक अपंगत्व असलेल्या लोकांचं जाळं उभं करून संयुक्त राष्ट्रांपर्यंत आवाज नेला. २०२४मध्ये त्या गेल्या. त्यांचा रोख सरळ होता: आमच्याबद्दल ठरवताना आम्हाला बसवा. हा मुद्दा मानसशास्त्रज्ञांना झोंबणारा आहे, आणि झोंबायलाच हवा. ऊसतोड बाईचं निवेदन मानसशास्त्रज्ञानं एकट्यानं लिहून चालणार नाही. तिच्याबरोबर बसून लिहावं लागेल.

साधनं जवळपासच आहेत. शेजारच्या अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२मध्ये सुरू केलेली 'मानवलोक' ही संस्था आहे, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग आहे, बीड जिल्ह्यातली पोरं-पोरी त्या विषयात एम.ए. करतात आणि मग स्पर्धा परीक्षेकडे वळतात. त्यांतल्या दहा जणांना दोन हंगाम फडावर पाठवलं, आल्यावर गावात बसवलं, तर १५०० शब्दांचा ऐवज नक्की जमेल.

तो न्यूयॉर्कपर्यंत न्यायला सल्लागार दर्जा असलेल्या एखाद्या संघटनेचा हात धरता येतो. किंवा आपल्या संस्थेनं स्वतः दर्जा मागायचा. त्यासाठी संस्था किमान दोन वर्षं जुनी असावी लागते. अर्ज १९ देशांच्या समितीपुढे जातो, आणि तो भरायची मुदत दरवर्षी १ जूनला संपते. मे महिन्यात उसाच्या फडावरून परतलेली माणसं केजात, आपापल्या घरी असतात.